मैदानावर लायपो पॅक चार्ज करायला गाडीची ६५ एएचची बॅटरी चालेल का?

तुमचे रिमोटवरच्या मॉडेलचे लायपो (लिथियम पॉलिमर) पॅक, म्हणजे ३एस (तीन सेलचे) २२०० एमएएचचे चार आणि ६एस (सहा सेलचे) ५००० एमएएचचे दोन आहेत आणि ते दिवसभरात मैदानावर प्रत्येकी दोनदा भरायचे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्या कामाला ६५ एएच (अँपिअर-अवर) पुरणार नाही. आणि गाडीची बॅटरी असेल तर ती मोठी घेऊनही उपयोग नाही.

आधी हिशोब. एएचमध्ये मोजू नका, कारण पॅकचा व्होल्टेज वेगळा आणि बॅटरीचा वेगळा. वॉट-अवरमध्ये मोजा. ३एस २२०० म्हणजे ११.१ व्होल्ट गुणिले २.२ एएच, साधारण २४ वॉट-अवर. पॅक कधीच पूर्ण रिकामा करून उतरवायचा नसतो, त्यामुळे पाऊण भाग भरावा लागतो: १८. असे आठ चार्ज म्हणजे १४६. ६एस ५००० चे १११, त्यातले भरायचे ८३, चार वेळा ३३३. एकूण ४८० च्या आसपास. चार्जर १५ टक्के तरी उष्णतेत घालवतो असं धरा, म्हणजे बॅटरीतून ५६५ वॉट-अवर जाणार. १२ ने भागलं की ४७ एएच. सगळा मोठा वाटा त्या दोन ६एसचा आहे, हे लक्षात आलं असेल. लहान पॅक एखादा वाढला तरी फारसा फरक पडत नाही.

आता गाडीची बॅटरी का नको. तिच्या प्लेटा पातळ असतात. सेल मारताना दोन-चार सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच अल्टरनेटरकडून भरून घ्यायचं, यासाठी ती बनवलेली असते. दर आठवड्याला अर्ध्याच्या खाली उतरवलीत तर लवकरच नांगी टाकते. गाडीतल्यासारखी लेड-ॲसिडच घ्यायची असेल तर जाड प्लेटांची डीप सायकल (बरीच रिकामी करून पुन्हा भरण्यासाठी बनवलेली) घ्या आणि लेबलवरच्या आकड्याचा निम्माच आपला समजा. म्हणजे १०० एएच. त्यातही तो आकडा २० तासांच्या हिशोबाने, ५ अँपिअरला दिलेला असतो. तुमचा ६एस पॅक १सीने, म्हणजे ५ अँपिअरने, भरताना शेवटी १२६ वॉट घेतो, चार्जर बॅटरीतून १२ अँपिअर ओढतो. दोन्ही पॅक एकदम लावले तर २४. इतक्या ओढीला १०० एएचची बॅटरी १०० एएच देत नाही. आणि वजन ३० किलोच्या घरात.

माझं मत विचाराल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. ६० एएच म्हणजे ७६८ वॉट-अवर, त्यातले ८० टक्के बिनधास्त वापरता येतात, वजन लेड-ॲसिडच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. घेताना बीएमएसचा (बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटचा) सलग करंट किती ते पाहा, ५० अँपिअर असला की निवांत. तो कमी असेल आणि दोन चार्जर मिळून जास्त ओढू लागले, तर बीएमएस मध्येच सगळं बंद करतो आणि दोन्ही चार्ज अर्धवट राहतात. हिचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास असतो, म्हणून व्होल्टमीटर बघून किती उरलंय ते कळत नाही. एएच मोजणारा मीटर लावा. शून्य अंशाखालच्या थंडीत मात्र ती भरू नका.

वायरकडे लोक बघतच नाहीत. दीड चौरस मिलिमीटरची दोन मीटर लांब जोडी १२ अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त खाते. बॅटरीवर ११.९ असतात, चार्जरला ११.३ दिसतात आणि तो 'इनपुट लो' म्हणून ओरडतो. मग बिचाऱ्या बॅटरीवर खापर. ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, मीटरभरच ठेवा, टोकाला मगरचिमट्यांऐवजी बोल्टने आवळायचे रिंग लग लावा. चिमटे तापतात. पॉझिटिव्हवर, बॅटरीला अगदी खेटून, ३० अँपिअरचा फ्यूज.

चार्जरमधली इनपुट कटऑफ (बॅटरीचा व्होल्टेज ज्याखाली गेला की चार्जर थांबतो ती मर्यादा) अनेकदा १० किंवा ११ व्होल्टला ठेवलेली असते. लेड-ॲसिडला ती ११.७ करा, लिथियमला १२. चार्जरच्या खोक्यावरचे वॉटही तपासा: कित्येकदा ते २४ व्होल्ट इनपुटचे असतात, १२ ला निम्मेही मिळत नाहीत.

लेड-ॲसिड असेल तर घरी आल्यावर त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावा, १० अँपिअरने, हवा खेळती असेल तिथे. अर्धी रिकामी तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. लिथियमला हीच घाई नाही, पण तिला तिचाच १४.६ व्होल्टचा चार्जर लागतो. लेड-ॲसिडचा डिसल्फेशनवाला (प्लेटांवरचं सल्फेट काढू पाहणारा) जुना चार्जर तिला लावू नका.