एसी लावल्यावर पंखा हेलकावे का खातो? – स्वतः जुळवून घेणाऱ्या पीआयडीबाबत

मे महिन्यातल्या दुपारी, एसीविना, मडगावच्या घरी बसवलेले पीआयडीचे (लक्ष्य तापमानापासूनचा फरक, त्या फरकाची साठत जाणारी बेरीज म्हणजे इंटिग्रल आणि त्याच्या बदलाचा वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह यांवरून पंख्याचा वेग ठरवणाऱ्या नियंत्रकाचे) गेन, म्हणजे या तिन्हींना दिलेले गुणक, रात्री एसी लावल्यावर बिघडतात आणि प्रोसेसरचा पंखा सतत वर-खाली होतो, म्हणून गेन आपोआप बदलणारा नियंत्रक लिहावा का, असे आपण विचारले आहे. लिहावा, पण सर्वांत शेवटी.

खोली आठ अंशांनी थंड झाली म्हणून यंत्रणा बदलत नाही. तो फरक इंटिग्रल पदाने सावरायचा असतो. बदलतो तो पंख्याचा कार्यबिंदू, म्हणजे तो ज्या वेगाच्या आसपास फिरतो तो वेग. मंद पंख्याचा वेग किंचित वाढवला तरी तापमान बरेच उतरते, तर पूर्ण वेगाजवळ तेवढ्याच वाढीने आवाजाखेरीज फारसे काही पदरात पडत नाही. त्यामुळे दुपारच्या वेगवान पंख्यासाठी निवडलेला मोठा गेन रात्रीच्या मंद पंख्याला झेपत नाही. यावर वेगाच्या तीन पट्ट्यांसाठी तीन गेन ठेवणे पुरते.

ते काढण्यासाठी नियंत्रणशास्त्राचे अभ्यासक ऑस्ट्रॉम आणि हॅगलुंड यांनी १९८४ मध्ये मांडलेली रिले पद्धत वापरावी. प्रोसेसरवर स्थिर भार ठेवून, तापमान लक्ष्याच्या वर गेले की पंखा ६० टक्के आणि खाली आले की ४० टक्के करावा. तापमानाची जी लाट उमटेल तिचा कालावधी आणि मध्यापासूनची उंची a मोजावी. सीमांत गेन, म्हणजे ज्याला तापमान न थांबता हेलकावत राहते तो गेन, ४d/(πa) इतका येतो, येथे d म्हणजे १०, ६० आणि ४० मधल्या फरकाचा निम्मा. सीमांत गेन आणि कालावधी यांवरून पीआयडीचे गेन काढण्याचे झिगलर आणि निकोल्स यांचे १९४२ चे सूत्र त्यावर जसेच्या तसे लावल्यास पंखा फार उतावीळ होतो, म्हणून मी त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करतो. भार वाढताच चिपचे तापमान क्षणार्धात उसळते, हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) मात्र सावकाश तापतो. तेव्हा मोजमापाची काही सेकंदांची सरासरी घ्यावी आणि डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवावा. पंखा किमान वा कमाल वेगाला टेकला की इंटिग्रल गोठवावा, हे बरेच जण विसरतात.

खरे अनुकूलन, म्हणजे गेन आपोआप बदलणे, हवे ते महिनोन्महिने साचणाऱ्या धुळीसाठी, जी आपल्या दमट हवेत हीटसिंकच्या पात्यांना चिकटूनच बसते (ब्रश मारणे अर्थात स्वस्त). मात्र संगणक रात्रभर निवांत असताना मोजमापांत नवी माहिती नसते. तरीही यंत्रणेच्या वागण्याचा अंदाज चालू ठेवला, तर गेन मोजमापांतल्या निरर्थक चढउतारांमागे भरकटतात. म्हणून भार पुरेसा बदलेल तेव्हाच अंदाज सुधारावा, आणि ९० अंशांवर पंखा पूर्ण वेगाने फिरवण्याचा नियम बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये) ठेवणे शक्य असेल तर तिथेच ठेवावा, म्हणजे आपला प्रोग्राम अडकला तरी तो लागू राहील.