डेव्हिड लीनचे सिनेमे: माझा क्रम, आणि 'लॉरेन्स' दुसरा का

तुमचा प्रश्न असा आहे: 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' नुकताच पाहिला आणि भारावून गेलो, डेव्हिड लीनचे तुमचे आवडते सिनेमे क्रमाने सांगा, म्हणजे पुढे काय पाहायचं ते ठरवता येईल.

लीनने १९४२ ते १९८४ या काळात सोळा सिनेमे दिग्दर्शित केले. सगळ्या सोळांना नंबर देत बसत नाही, कारण त्यातल्या काहींबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं विशेष नाही. जे मी पुन्हा पुन्हा पाहतो त्यांच्याबद्दल लिहितो. माझ्या यादीत 'लॉरेन्स' दुसरा आहे. पहिला आहे 'ब्रीफ एन्काउंटर'. १९४५चा, काळा-पांढरा, अवघ्या ८६ मिनिटांचा. त्यात ना वाळवंट आहे, ना उंट, ना लढाई.

आधी थोडं लीनबद्दल, कारण त्याशिवाय हा क्रम विचित्र वाटेल. तो १९०८ साली लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये क्वेकर या कडक ख्रिस्ती पंथाच्या घरात जन्मला. घरात सिनेमा निषिद्ध. १९२७ साली गोमाँ या चित्रपट कंपनीच्या स्टुडिओत चहा आणून देणारा पोऱ्या म्हणून लागला आणि तिथून चढत चढत संकलक झाला. दिग्दर्शक होण्याआधी तो इंग्लंडमधल्या नावाजलेल्या संकलकांपैकी एक होता. लोक लीन म्हटलं की भव्य दृश्यं आठवतात. माझ्या मते त्याचं खरं बळ त्या कात्रीत आहे. कुठल्या क्षणी कुणाचा चेहरा दाखवायचा आणि कधी तो झाकून ठेवायचा, हे त्याला नेमकं कळत होतं. आणि त्याच्या बहुतेक सिनेमांत एकच गोष्ट फिरून फिरून येते: कुणीतरी आपल्या आखलेल्या आयुष्याबाहेर पाऊल टाकतं, आणि मग परत यावं लागतं. ते परत येणं सिनेमाला किती नीट पेललं, यावर मी हा क्रम लावलाय.

'ब्रीफ एन्काउंटर'ची गोष्ट दोन ओळींची आहे. लॉरा ही मध्यमवर्गीय गृहिणी, नवरा आणि दोन मुलं असलेली. दर गुरुवारी शेजारच्या गावात खरेदीला जाते, वाचनालयाचं पुस्तक बदलते, संध्याकाळच्या गाडीने घरी येते. एकदा फलाटावर तिच्या डोळ्यात कोळशाचा कण जातो आणि अ‍ॅलेक नावाचा विवाहित डॉक्टर तो काढून देतो. त्यानंतरचे काही गुरुवार, एवढाच सिनेमा. चित्रीकरण फेब्रुवारी १९४५मध्ये, महायुद्ध चालू असताना, लँकेशरमधल्या कार्नफोर्थ स्टेशनावर रात्री झालं. स्टेशन उत्तरेला होतं, लंडनच्या बॉम्बफेकीपासून लांब, म्हणून तिथे दिवे लावता येत होते. सिनेमात दिसणारं स्टेशनावरचं घड्याळ आजही तिथे आहे.

लीनने यात काय केलंय ते पाहा. शेवटची भेट तो सुरुवातीलाच दाखवतो, पण आपल्याला ती शेवटची आहे हे कळू देत नाही. उपाहारगृहात एका टेबलाशी दोघं बसलेत. लॉराच्या ओळखीची डॉली नावाची बाई येऊन धपकन बसते आणि बडबड सुरू करते. अ‍ॅलेक उठतो, जाता जाता लॉराच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि निघून जातो. आपण त्या हाताकडे लक्षही देत नाही. तासाभराने तेच दृश्य पुन्हा येतं, आणि आता तो हात म्हणजे काय हे आपल्याला माहीत असतं. त्यांना निरोपाचा एक शब्दसुद्धा बोलता आलेला नाही, आणि डॉली बोलतेच आहे. मी हा सिनेमा दहाएक वेळा पाहिला असेन. त्या दुसऱ्या वेळच्या हाताला मला दर वेळी गलबलून येतं.

लॉरा झालेली सीलिया जॉन्सन रूढ अर्थाने देखणी नाही, आणि त्यामुळेच सिनेमा खरा वाटतो. टोपी, कोट, हातात खरेदीची टोपली. तिचे मोठे डोळे सगळं बोलतात, आणि मागे रॅखमनिनॉफचा दुसरा पियानो कन्चेर्टो. मी एकदा हा आईबरोबर पाहिला. तिला इंग्रजी संवाद फारसे समजत नव्हते, मी अधूनमधून सांगत होतो. लॉराचा नवरा फ्रेड शब्दकोडं सोडवत बसलेला असतो, एका कवितेच्या ओळीतला शब्द बायकोला विचारतो, ती 'रोमान्स' सांगते, आणि तो म्हणतो की बरोबर, 'बलुचिस्तान'शी जुळतोय. सगळे समीक्षक फ्रेडला भोळा, कंटाळवाणा म्हणतात. आई मात्र मध्येच म्हणाली, "ह्याला सगळं कळलंय रे. बोलत नाहीये फक्त." शेवटी फ्रेड बायकोजवळ येऊन म्हणतो की तू फार लांब गेली होतीस, परत आलीस म्हणून आभार. आईला ते वाक्य मी सांगावं लागलं नाही.

आता 'लॉरेन्स', पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध अरब टोळ्यांसोबत लढलेल्या इंग्रज अधिकाऱ्याची गोष्ट. तो दुसरा ठेवताना मला त्रास होतो, हे खरंच. मी तो पहिल्यांदा टीव्हीवर पाहिला होता आणि मला समजलाच नव्हता, कारण विहिरीच्या दृश्यात क्षितिजावरून शरीफ अली येतो तो ठिपका आमच्या टीव्हीवर दिसतच नव्हता. पुढे मोठ्या पडद्यावर, १९८९मध्ये दुरुस्त केलेल्या प्रतीवरून पाहिला तेव्हा समजलं की तो ठिपका शोधणं हेच ते दृश्य आहे. मृगजळात काहीतरी थरथरतं. उंट आहे का, माणूस आहे का, शत्रू आहे का? मग गोळी सुटते आणि लॉरेन्सचा वाटाड्या तफास मरून पडतो. (तफास झालाय तो झिया मोहिद्दीन, पुढे पाकिस्तानात उर्दू वाचनासाठी गाजलेला.) काडी विझवल्यावर थेट वाळवंटातला सूर्योदय येतो, त्या जोडाबद्दल तुम्ही वाचलंच असेल. पटकथेत तिथे एक दृश्य विरघळत दुसऱ्यात जायचं होतं. संकलनाच्या टेबलावर दोन तुकडे नुसते एकापुढे एक जोडलेले दिसले, आणि लीन आणि संकलक अ‍ॅन कोट्स यांनी ते तसंच ठेवलं.

पण 'लॉरेन्स'चा कणा माझ्या दृष्टीने गासिमची गोष्ट आहे. नफूद वाळवंट ओलांडताना गासिम मागे पडतो. सगळे म्हणतात, त्याचं मरण लिहिलेलं आहे. लॉरेन्स एकटा परत फिरतो आणि त्याला घेऊन येतो. पुढे अकाबाच्या आदल्या रात्री टोळ्यांमध्ये खून होतो, रक्ताचा बदला टाळायचा तर खुन्याला बाहेरच्या माणसाने मारायला हवं, लॉरेन्स पिस्तूल घेऊन पुढे होतो, आणि खुनी असतो गासिम. ज्याला वाचवला त्यालाच गोळ्या घालायच्या. नंतर तो वरिष्ठांसमोर कबूल करतो की त्यात त्याला मजा वाटली. गासिमची ही भूमिका आपल्या आय. एस. जोहरची आहे, 'जोहर मेहमूद इन गोवा'वाला तोच. हिंदीत आपण त्याला विनोदी नट म्हणूनच पाहिलं. इथे ओल्या डोळ्यांनी बंदुकीकडे पाहणारा जोहर बघा.

मग हा पहिला का नाही? लॉरेन्सचं परत येणं मला अर्धंच पटतं. शेवटी तो मोटारीतून निघालाय, ड्रायव्हर म्हणतो, साहेब, घरी निघालात, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. कल्पना अप्रतिम आहे. पण मध्यंतरानंतर सिनेमा त्याच्या मनापासून लांब जातो. पावणेचार तासांत एकाही स्त्रीला एक वाक्य नाही, आणि फैसल म्हणून अ‍ॅलेक गिनेस, औदा म्हणून अँथनी क्विन. चेहरे रंगवून अरब केलेले नट. शरीफ अली झालेला इजिप्तचा ओमर शरीफ शेजारी उभा असताना हे जास्तच खटकतं.

तिसरा, 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१९४६). डिकन्सच्या कादंबरीवरचा याहून चांगला सिनेमा मी पाहिलेला नाही. सुरुवातीची पाच मिनिटं कुठल्याही चित्रपट शिक्षणवर्गात दाखवावीत अशी आहेत. दलदलीच्या काठाने धावणारा छोटा पिप, दफनभूमी, करकरणारी झाडं. पिप घाबरून वळतो, कॅमेरा त्याच्याबरोबर वळतो, आणि तो थेट कैद्याच्या अंगावर आदळतो. कैद्याला आधी दाखवलेलंच नाही, त्यामुळे पिपइतकेच आपणही दचकतो. शेवटी मोठा झालेला पिप मिस हॅव्हिशॅमच्या त्या कोंदट घरात परत येतो आणि वर्षानुवर्षं बंद असलेले पडदे ओरबाडून काढतो. प्रकाश आत येतो तेव्हा आपल्यालाच श्वास घेतल्यासारखं वाटतं. छायाचित्रणासाठी गाय ग्रीनला ऑस्कर मिळालं. 'ऑलिव्हर ट्विस्ट' (१९४८) दिसायला तितकाच जबरदस्त आहे, पण मुलांना चोरी शिकवणाऱ्या म्हाताऱ्या ज्यू फॅगिनचं, गिनेसने मोठं खोटं नाक लावून केलेलं रूप ज्यूंविषयीच्या जुन्या द्वेषचित्रांसारखं आहे. अमेरिकेत तो काटछाट करून १९५१मध्ये प्रदर्शित झाला. मी तो एकदा पाहिला, पुन्हा लावावासा वाटला नाही.

चौथ्या जागी 'हॉब्सन्स चॉइस' (१९५४), आणि याबद्दल मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. लीन गंभीर माणसांचा दिग्दर्शक, असं समजणाऱ्यांनी हा पाहावा. सॅलफर्डमधला बुटांच्या दुकानाचा मालक हॉब्सन, बायको वारलेली, तीन मुली फुकट राबतात आणि हा पबमध्ये. थोरली मॅगी तिशीची. तिचं लग्नाचं वय गेलं असं बापाने जाहीर करून टाकलेलं. ती काय करते? तळघरात बूट शिवणाऱ्या विल मॉसॉपला वर बोलावते आणि सांगते की मी तुझ्याशी लग्न करणार आहे. लग्नात अंगठी पितळेची. मग ती त्याला लिहायला शिकवते, वेगळं दुकान थाटते, आणि बापाचं गिऱ्हाईक ओढून घेते. इथे मुलगी माघारी जात नाही, बापालाच तिच्या दारात यावं लागतं. चार्ल्स लॉटन दारूच्या नशेत रस्त्यावरच्या डबक्यांतला चंद्र पकडायला धावतो ते दृश्य निव्वळ कविता आहे. बर्लिन महोत्सवात याला सुवर्ण अस्वल मिळालं, तरी आज त्याची आठवण फार कमी लोक काढतात.

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) अनेकांच्या यादीत पहिला-दुसरा असतो. माझ्याकडे पाचवा. जपान्यांच्या कैदेतल्या इंग्रज कर्नल निकल्सनच्या भूमिकेत गिनेस अफाट आहे: शिस्तीच्या हट्टापायी शत्रूसाठी उत्तम पूल बांधून देणारा माणूस, ज्याला आपण काय केलं हे शेवटच्या क्षणी कळतं. पूल श्रीलंकेत कितुलगला इथे खराखुरा बांधला आणि खऱ्या आगगाडीसकट उडवला. पटकथेचं ऑस्कर मिळालं मूळ फ्रेंच कादंबरीकार पिएर बूल याला; खरे लेखक कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकेत काळ्या यादीत होते, त्यांना ते १९८४ साली मरणोत्तर मिळालं. पण मला एक गोष्ट सोडत नाही. त्या थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवर युद्धकैद्यांपेक्षा कितीतरी जास्त आशियाई मजूर मेले, त्यांत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ लोक मोठ्या संख्येने होते. सिनेमात त्यांची कहाणी नाही. पुलाचा अभिमान कुणाचा यावर अडीच तास चर्चा होते आणि रूळ घालता घालता मेलेली माणसं चौकटीबाहेर राहतात.

सहावा 'समरटाइम' (१९५५): व्हेनिसमध्ये एकटी सुट्टीला आलेली प्रौढ कॅथरिन हेपबर्न. लीनचा स्वतःचा लाडका सिनेमा हाच. शेवटची सुटणारी आगगाडी आणि फुलाची पेटी घेऊन फलाटावर धावणारा माणूस पाहताना 'ब्रीफ एन्काउंटर'ची बहीण भेटल्यासारखं वाटतं.

सातवा 'अ पॅसेज टू इंडिया' (१९८४), ई. एम. फॉर्स्टरच्या कादंबरीवरचा. तुम्ही मराठी आहात म्हणून यावर थोडं थांबतो. 'रायन्स डॉटर' (१९७०) आला तेव्हा न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी लीनला समोर बसवून इतकं झोडपलं की पुढची चौदा वर्षं त्याचा एकही सिनेमा आला नाही. त्यानंतरचा आणि शेवटचा हा. संकलनही त्याने स्वतः केलं. मशिदीत चांदण्यात डॉ. अझीझ आणि मिसेस मूर भेटतात तो प्रसंग, आणि सायकलवरून एकटी निघालेली अडेला पडक्या देवळातल्या शिल्पांसमोर येते तो प्रसंग, दोन्ही पहिल्या प्रतीचे. दुसरा तर कादंबरीत नाहीच, लीनने घातलेला आहे. गुहांचं चित्रीकरण बंगळूरजवळ झालं, 'शोले'च्या रामनगरच्या परिसरात.

पण प्रोफेसर गोडबोले! कादंबरीतला हा दख्खनी ब्राह्मण. फॉर्स्टर १९२१ साली मराठी संस्थान देवासमध्ये महाराजांचा सचिव होता, तिथली गोकुळाष्टमी त्याने पाहिली, आणि कादंबरीच्या शेवटच्या भागात कीर्तनात चक्क तुकारामाचा गजर आहे. तो भाग सिनेमात जवळजवळ उरलेलाच नाही. गोडबोले झालाय पुन्हा गिनेस, चेहरा रंगवून. दोनच वर्षं आधी 'गांधी'मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी गोखले केले होते. लागूंना गोडबोले करायला मिळाला असता तर, हा विचार हा सिनेमा पाहताना माझ्या मनातून कधी जात नाही.

'डॉक्टर झिवागो' (१९६५) माझ्या यादीच्या तळाशी आहे. बर्फाने भरलेलं घर सुंदर आहे, ज्युली क्रिस्टी सुंदर आहे, पण झिवागो स्वतः नुसता पाहत राहतो आणि मी बाहेरच राहतो.

तुम्ही आता 'ब्रीफ एन्काउंटर' लावा. एका बैठकीत, रात्री, घरातले झोपल्यावर. संपला की लगेच पहिली काही मिनिटं पुन्हा पाहा. डॉली बोलत असेल, तिच्याकडे लक्ष देऊ नका. लॉराच्या खांद्याकडे बघा.