चिठ्ठी देणार नाही

प्रिय पोरी,

परवा तू दुकानाचा जिना रडत उतरलीस. प्रोजेक्टच्या मॅडमना दाखवायला तू एक चिठ्ठी मागितली होतीस. ती द्यायला काकाला काय जड होतं, असं तुला वाटलं असणार. दुकानाचं लेटरहेड, त्यावर एक ओळ, खाली शिक्का. 'सदर लॅपटॉप 3 तारखेपासून दुरुस्तीला आहे.' लॅपटॉप माझ्याकडे 11 तारखेला आला. मधल्या आठ दिवसांची चिठ्ठी मी तेव्हा दिली नाही आणि आजही देणार नाही. गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून मी तुझ्यावर खेकसलो. ते चुकलंच. चिठ्ठी नाकारली ते चुकलं नाही.

आधी डिस्कचं ऐक. ती टकटक म्हणजे आतला हेड, डिस्कवरचं वाचणारा भाग, जागा शोधत होता आणि ती न सापडून परत फिरत होता. लॅपटॉपची अशी डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते, हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगतो. केसाची जाडीसुद्धा त्या फटीच्या हजारो पट. असा बिघडलेला हेड असताना डिस्क पुन्हा पुन्हा चालू केली की ती आतून खरवडली जाऊ शकते. तू दोन दिवस 'आता होईल, आता होईल' म्हणत तेच करत बसलीस. आवाज आला की बंद करायची आणि हात लावायचा नाही. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल माझा राग नाही.

दोन रात्री मशीन लावून जेवढं वाचता आलं तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. तुझी ब्लॅक बुकची, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालाची, फाइल मिळाली, पण उघडेना. वर्डची फाइल ही खरी एक झिप असते, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं, मजकूर आत वेगळा ठेवलेला असतो. ती सोडवून मजकूर बाहेर काढला. तक्ते आणि फोटो गेले. मजकूर भरला सतरा पानं.

तू मॅडमना साठ पानं गेली म्हणून सांगणार होतीस.

फाइलवर एकूण किती वेळ काम झालं, तेही त्या फाइलमध्ये नोंदलेलं असतं. मी ते पाहिलं. आकडा इथे लिहीत नाही, तुला तो माहीत आहे.

खरं बोलावं, हे तुला शिकवायला मी हे लिहीत नाही. तुझ्या आईचा डबा बारा वर्षं माझ्याकडे येतो. एखाद्या दिवशी भाजी कमी पडली तर ती डब्यात चिठ्ठी घालते, 'आज भाजी कमी आहे, उद्या भरून देते.' डबा उघडायच्या आधी ती चिठ्ठी वर दिसते. मला तुझ्याकडून एवढंच हवं आहे. जे आहे ते दाखव, आणि तारखेच्या आधी दाखव.

माझं सांगतो, कारण त्याशिवाय तुला माझा हट्ट कळणार नाही. 26 जुलै 2005. तू तेव्हा जन्मलीही नसशील. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला शंभराच्याही आत. मी गिरगावात राहायचो. आमच्याकडे पाऊस होता, पण असतो तसा. माझं टर्मवर्क त्या आठवड्यात द्यायचं होतं आणि मी त्यातलं निम्मंही केलं नव्हतं. फ्लॉपी होती, 1.44 एमबीची, त्यात अर्धा प्रोग्रॅम. ती मी मोरीत नळाखाली धरली. पाणी आत जावं म्हणून तिचं पत्र्याचं झाकण बोटाने सरकवून धरल्याचं अजून आठवतं. कॉलेज उघडल्यावर सरांना सांगितलं, कुर्ल्याला अडकलो होतो, छातीपर्यंत पाण्यातून चालत आलो, फ्लॉपी खिशात होती.

सर कलिन्याला राहायचे, तळमजल्यावर. त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं होतं. ते म्हणाले, "अरेरे, तुझंही गेलं का?" आणि मला एक महिना वाढवून दिला. माझ्या मागे एक मुलगा उभा होता, कुर्ल्याचाच. त्याने चिखलाने फुगलेली जर्नल प्लास्टिकच्या पिशवीतून आणली होती. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली. त्याने फक्त विचारलं, "सर, एवढंच उरलंय, चालेल?" सरांनी ती हातात घेतली, दोन पानं सोडवून पाहिली आणि तिथेच सही केली.

तो महिना मला मिळाला, पण प्रोग्रॅम मी शेवटपर्यंत पुरा केला नाही. वाढवून घेतलेल्या मुदतीत काम होत नाही, कारण तोपर्यंत आपल्याला त्या कामाची भीती बसलेली असते. सरांना खरं सांगायचं कितीदा ठरवलं. शेवटी कलिन्याला गेलो तेव्हा त्या इमारतीच्या जागी टॉवर उभा होता, वॉचमनला जुनी माणसं माहीत नव्हती.

तू म्हणशील, काका, माझी डिस्क खरंच गेली, मी कुठे फ्लॉपी नळाखाली धरली? मान्य. म्हणूनच जीव तुटतो. खरं कारण हातात असताना त्यावर त्रेचाळीस खोटी पानं का चढवतेस? 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हा विद्यापीठाने त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलल्या. चिठ्ठी कुणाला लागली नाही, अंधार सगळ्यांच्याच घरात होता. तुझा अंधार मात्र फक्त तुला आणि मला दिसला. म्हणून तो तू सांगायचा, लवकर सांगायचा, आणि सोबत जे आहे ते दाखवायचं. सतरा पानं घेऊन तारखेच्या आठ दिवस आधी गेलीस तर मॅडम तुझ्यासोबत बसून अठरावं पान कुठून सुरू करायचं ते बघतील. तारखेच्या दुसऱ्या दिवशी साठ पानांची गोष्ट घेऊन गेलीस तर त्यांना तुझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही एवढंच ठरवता येईल. मॅडम रागावतील? रागावू देत. रागावलेला गाइड तरी तुझ्यासोबत काम करत असतो.

आणि लाज वाटते, हे मला सांगू नकोस. सतरा पानांची लाज नसते. लाज मला वाटते, वीस वर्षं झाली तरी.

बाकीचं थोडक्यात. फाइल रोज रात्री स्वतःला मेल कर, गूगलच्या खात्यात 15 जीबी जागा फुकट मिळते. वर्ड दर दहा मिनिटांनी आपोआप जपून ठेवतं ते त्याच डिस्कवर, डिस्क गेली की तेही गेलं. पेनड्राइव्हवरच्या फाइलमध्ये थेट लिहीत बसू नकोस. छापलेली पानं कॉलेज सुटेपर्यंत रद्दीत टाकायची नाहीत.

पंधरा वर्षं दर एप्रिलला मुलं माझ्याकडे तारीख बदललेलं बिल मागतात. काही जण तर उघडणारच नाही अशी फाइल बनवून मागतात. दुकानदार म्हणून मला त्यात शंभर-दोनशे सहज सुटतील. शेजारचे म्हणतात, तुझं काय जातं? काय जातं ते मी त्यांना सांगत बसत नाही. आज तुला सांगितलं.

पेनड्राइव्ह या पाकिटात आतून चिकटपट्टीने लावला आहे. एकच फाइल आहे, नाव तुझंच ठेवलंय. एक खरी चिठ्ठीही सोबत आहे, लॅपटॉप 11 तारखेला आला, डिस्क निकामी, मजकूर सतरा पानं मिळाला, तक्ते मिळाले नाहीत, असं लिहून शिक्का मारून. डिस्कचे पैसे आईकडून घेणार नाही, तिला काही बोलूही नकोस. आज रात्री मॅडमना मेल कर, पानं जोडून. गेला की मला मिस्ड कॉल दे, मी जागा आहे.

तुझा,
काका