दहा मिनिटांत चौदा फ्रेम

प्रश्न : ताई, आम्ही तिघा मित्रांनी 20 मिनिटांची शॉर्ट फिल्म केली आहे. त्यात गिरगावच्या चाळीतली एक आजी दहा मिनिटं सलग बोलते. एकच टेक आहे. चित्र एका मित्राच्या कॅमेऱ्यावर घेतलं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. क्लॅप जुळवला की सुरुवात चोख बसते, पण शेवटाकडे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, 14-15 फ्रेमनी. थिएटरला सेकंदाला 24 फ्रेम (म्हणजे 24 चित्रं) लागतात असं ऐकलं होतं, म्हणून एडिटिंगला बसताना सगळ्या क्लिप 24 करून घेतल्या होत्या. रेकॉर्डर बिघडलाय का? मित्र म्हणतो, दोन वाक्यांमधली शांतता थोडी थोडी काप, जुळेल. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मित्राला आधी कात्री खाली ठेवायला सांगा. रेकॉर्डर ठणठणीत आहे.

तुम्ही ‘आवाज पुढेमागे होतोय’ एवढंच न लिहिता फ्रेम मोजून पाठवल्यात, हे फार बरं केलंत. निम्मं निदान त्या आकड्यातच आहे. दहा मिनिटांत 24 च्या हिशेबाने 14,400 फ्रेम होतात. त्यातल्या चौदा-साडेचौदा सरकल्या, म्हणजे हजारात एक. हजारात एक म्हटलं की आमच्या सिनेमाच्या आवाजाच्या धंद्यातला कुणीही झोपेतून उठून सांगेल : कॅमेरा 24 वर नव्हताच, 23.976 वर होता. मेन्यूत बहुतेक ‘24’ असंच लिहिलेलं असेल. बरेच कॅमेरे ते शेपूट लपवतात.

हे शेपूट आलं कुठून? 1953 साली अमेरिकेत रंगीत टीव्ही आला. रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलशी भांडू नये म्हणून त्यांनी सेकंदाला 30 फ्रेमचा वेग हजारात एकाने कमी केला. मग टीव्हीवर दाखवायच्या सिनेमाचे 24 सुद्धा तसेच किंचित उतरले. आपल्याकडे टीव्ही 25 फ्रेमचा, आपला या प्रकाराशी काडीचा संबंध नाही. तरी त्यांच्या रंगीत टीव्हीची उधारी डोंबिवलीत बसून तुम्ही फेडताय.

तुमच्याकडे झालं ते असं. आजी दहा मिनिटं बोलली, रेकॉर्डरने दहा मिनिटंच लिहिली. कॅमेऱ्याने मात्र 23.976 च्या गतीने फ्रेम टिपल्या आणि तुम्ही त्याच फ्रेम 24 च्या गतीने पळवल्या. चित्र 0.6 सेकंद आधी संपलं, आवाज मागे राहिला. म्हणूनच ओठ आधी, शब्द नंतर. उलट झालं असतं तर मी दुसरीकडे शोधलं असतं.

इतर दुखण्यांची लक्षणं वेगळी असतात. 24 चं चित्र 25 वर पळवलं असतं तर दहा मिनिटांत 24 सेकंदांची तफावत पडली असती. 44.1 किलोहर्ट्झचा (सेकंदाला 44,100 नमुने घेऊन नोंदवलेला) आवाज 48 चा समजून वाजवला असता तर दहा मिनिटांचं बोलणं सव्वानऊ मिनिटांच्या आत उरकलं असतं आणि आजीचा आवाज नातीसारखा आला असता. मोबाइलवर शूट केलं असतं तर आणखी वेगळीच गंमत. फोन उजेड बघून फ्रेमची गती स्वतःच कमीजास्त करतो, त्यामुळे सिंक, म्हणजे ओठ आणि आवाजाचा मेळ, मध्येच जातो आणि मध्येच परत येतो. तुमचा मात्र एका चालीने, सरळ रेषेत घसरलाय.

आता उपाय. क्लिपना दिलेलं 24 काढून टाका. नवी टाइमलाइन 23.976 ची घ्या, सगळं पुन्हा क्लॅपवरून बसवा आणि शेवटपर्यंत त्याच गतीत काम करा. थिएटरच्या डीसीपीला (पडद्यावर दाखवायच्या डिजिटल प्रतीला) 24 लागतं हे तुम्ही बरोबर ऐकलंत, पण तो बदल सगळ्यात शेवटी, चित्र आणि आवाज एकत्र बांधून करायचा. डीसीपी करणाऱ्याला ‘फिल्म 23.976 ची आहे’ हे फोनवर नाही, लेखी कळवा. 20 मिनिटांची फिल्म 1.2 सेकंदांनी आखडेल. सूर चढेल तो इतका कमी, की दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले दोनसुद्धा नाहीत. गवयालाही कळणार नाही.

आणखी एक करा. पहिल्या फ्रेमच्या दोन सेकंद आधी एका फ्रेमपुरता ‘बीप’ ठेवतात, त्याला आम्ही टू-पॉप म्हणतो. तसाच एक फिल्म संपल्यावर दोन सेकंदांनी ठेवा आणि दोन्ही बीपच्या फ्रेमवर चित्रातही खूण करा. पुढचा जुळला आणि मागचा चुकला, तर घोटाळा गतीचा आहे हे आजीचे ओठ न बघताही कळतं.

शांतता कापण्याबद्दल एवढं रागावून लिहिलं, कारण मी स्वतः ते केलंय. नवीन होते. एका चित्रपटाचा आवाज असाच सरकत होता. चार रात्री ओशिवऱ्याच्या एका खोलीत बसून मी इथून एक फ्रेम, तिथून दोन फ्रेम असं टाके घातले. पाचव्या दिवशी मिक्सिंगवाले काका आले, दोन मिनिटं ऐकलं आणि एवढंच विचारलं, ‘‘कॅमेरा रिपोर्ट कुठाय?’’ रिपोर्टवर 23.976 स्वच्छ लिहिलं होतं. टाके तर टाके, प्रत्येक ठिकाणी मागच्या पंख्याची घरघर तुटत होती ती वेगळीच. काका रागावले नाहीत, चहा मागवला. ते जास्त लागलं.

प्रश्न : थिएटरमध्ये मराठी चित्रपटाचे संवाद ऐकू येत नाहीत आणि गाणं लागलं की कानठळ्या बसतात. तुम्ही लोक मिक्स करताना ऐकता का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ऐकतो हो! पण आम्ही ऐकतो तेव्हा प्रोसेसरचा (आवाज कमीजास्त करणाऱ्या यंत्राचा) आकडा 7 वर असतो आणि खोली मोजून लावलेली असते. थिएटरात गाण्याला, नाहीतर ट्रेलरला, कुणीतरी ‘आवाज फार आहे’ म्हणून तक्रार करतं. आकडा 5 वर, कधी त्याच्याही खाली येतो आणि तिथेच राहतो. मग पहिला बळी कुजबुजीचा. संवाद बहुतेक पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. पडद्याला बारीक भोकं असतात ती त्यासाठीच. तो एक स्पीकर दमला की डावे-उजवे कितीही गरजले तरी नायिका पुटपुटतच राहते. दोष आमच्याकडेही आहे. गाणं दणदणीतच हवं असा आग्रह धरणारे निर्माते असतात आणि आम्ही दर वेळी भांडत नाही.

मी काय करते? इंटरव्हलला समोशाच्या रांगेत न लागता मॅनेजरला गाठते आणि ‘मधला स्पीकर बघा आणि आकडा दीडने वाढवा’ असं नेमकं सांगते. ‘आवाज वाढवा’ म्हटलं की मान डोलावतात आणि विसरतात.

प्रश्न : शेवटच्या रांगेत बसलो की आवाज ओठांच्या किंचित मागे वाटतो. भास का? – एक वाचक, दादर

उत्तर : भास नाही. एका फ्रेमच्या वेळात आवाज साधारण 14 मीटर चालतो. तुम्ही पडद्यापासून 28 मीटरवर असाल तर दोन फ्रेम उशिरा ऐकताय. थोडं पुढे बसा.

प्रश्न : लालबागच्या आमच्या खोलीत डबिंग करता येईल का? स्टुडिओ परवडत नाही. – एक वाचक, लालबाग

उत्तर : गणपतीत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. एरवी शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली सुटायच्या आत करा. पंखा बंद, फ्रिज बंद. (फ्रिज सकाळी आठवणीने चालू करा, माझं दूध नासलंय.) दोन गोधड्या माइकच्या मागे टांगा आणि एक स्वतःच्या पाठीमागे, कारण खोलीचा घुमार पाठीकडूनच येतो. संवाद संपले की कुणीही न हलता रिकाम्या खोलीचा आवाज एक मिनिट रेकॉर्ड करा. आणि शेजारच्या काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर रात्री दोन वाजता रडण्याचा सीन करताना दार वाजेल.