हाडांचं इंजेक्शन चालू असताना दाढ काढावी का?

“हाडं मजबूत करायचं औषध चालू असताना दात काढला की जबडा सडतो म्हणे. खरं आहे का?” समुपदेशनात हा प्रश्न वारंवार येतो. या प्रकरणातल्या ६७ वर्षांच्या काकूंनी तो विचारला, पण त्याचं उत्तर त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. खालची डावी दाढ हिरडीपाशी तुटलेली, मुळाशी पू, रूट कॅनल करण्यापलीकडे गेलेली. दंतवैद्यांनी ती काढायला सांगितली होती. काकूंनी मात्र दाढ तशीच ठेवायची आणि हाडांचं औषध बंद करायचं असं ठरवलं होतं. हे दोन्ही निर्णय त्यांना त्रासात नेणारे होते.

अशा वेळी सगळ्यात आधी औषधांची फाईल बघायची. नुसतं तोंडी विचारलं तर अर्धीच माहिती मिळते. काकूंनी दंतवैद्यांना “रोजची कुठलीच गोळी नाही” असं सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. फाईलमध्ये मात्र पाच वर्षं आठवड्यातून एकदा ७० मिलिग्रॅम अॅलेन्ड्रोनेट आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅम डेनोसुमॅबचं इंजेक्शन निघालं. वर्षातून दोनदा टोचलेलं इंजेक्शन बहुतेकांच्या लेखी ‘चालू औषध’ नसतंच. वर्षातून एकदा सलाइनमधून दिलं जाणारं ५ मिलिग्रॅम झोलेड्रॉनिक अॅसिड तर हमखास विसरलं जातं. म्हणून प्रश्न नेमका हवा: गेल्या दहा वर्षांत हाडांसाठी कुठलीही गोळी, टोचणी किंवा सलाइन घेतलंय का, आणि शेवटचा डोस कोणत्या तारखेला? अॅलेन्ड्रोनेटच्या गटातली औषधं हाडाला चिकटून वर्षानुवर्षं तिथेच राहतात. त्यामुळे ‘आता बंद केलंय’ म्हणून तो विषय संपत नाही.

जबड्यालाच धोका का, हे काकूंना समजून घ्यायचं होतं. हाडात एक प्रकारच्या पेशी जुनं हाड खाऊन काढतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवं बांधतात. ही औषधं खाणाऱ्या पेशींना आवरतात, त्यामुळे मणका आणि खुबा टिकतो. दातांच्या आजूबाजूच्या हाडात हे काम इतर हाडांपेक्षा वेगाने चालतं. त्यावरची हिरडी पातळ, आणि तोंड जंतूंनी भरलेलं. दात काढल्यावर खळग्याच्या कडेचं मेलेलं हाड साफ झालं नाही, तर हिरडी त्यावर बसत नाही आणि हाड उघडं राहतं. ते आठ आठवड्यांहून जास्त उघडं राहिलं आणि जबड्याला किरणोपचार झालेले नसतील, तर त्याला औषधामुळे झालेला जबड्याचा ऑस्टिओनेक्रॉसिस, म्हणजे हाडाचा मृत्यू, म्हणतात. याची पहिली नोंद २००३ मध्ये झाली. खालच्या जबड्यात तो वरच्यापेक्षा बराच जास्त दिसतो.

आता आकडे, कारण भीती नेमकी त्यांच्याच अभावात वाढते. अमेरिकेतल्या तोंड आणि जबड्याच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या २०२२ च्या निवेदनानुसार, हाडांच्या ठिसूळपणासाठी अॅलेन्ड्रोनेटसारख्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हा त्रास दहा हजारांत पाच किंवा त्याहून कमी जणांना होतो. या गटातलं औषध घेणाऱ्याचा दात काढला, तरी प्रमाण हजारात दोनच्या आतच राहतं. डेनोसुमॅब घेणाऱ्यांमध्ये दात काढल्यानंतर ते शंभरात एकाच्या आसपास जातं. कर्करोग हाडांत पसरल्यामुळे हीच औषधं मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांचं, म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी ४ मिलिग्रॅम झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा दर चार आठवड्यांनी १२० मिलिग्रॅम डेनोसुमॅब घेणाऱ्यांचं गणितच वेगळं. त्यांच्यात दात काढल्यावर शंभरात दोनपासून पंधरापर्यंत प्रमाण नोंदलेलं आहे. लोक ऐकतात ती कहाणी बहुतेकदा या रुग्णांची असते आणि घाबरतात मात्र ठिसूळ हाडांसाठी औषध घेणारे.

काकूंचा धोका अगदी नगण्य नव्हता. पाच वर्षं गोळ्या, वर डेनोसुमॅब. सोबत स्टेरॉइड, मधुमेह किंवा धूम्रपान असतं तर तो आणखी वाढला असता. त्यांना यातलं काही नव्हतं. पण मुळाशी साठलेला पू हे स्वतःच हाड मरण्याचं मोठं कारण आहे. दात न काढताही, नुसत्या जुनाट संसर्गातून किंवा घासणाऱ्या कवळीच्या जखमेतून हा आजार सुरू होतो. म्हणजे सडकी दाढ सांभाळून त्या जबडा वाचवत नव्हत्या. दाढ रूट कॅनलने वाचण्यासारखी असती, तर तोच पहिला पर्याय ठरला असता. कधी दाताचा वरचा भाग कापून मुळांवर उपचार करतात आणि मुळं हाडात तशीच ठेवतात. काकूंची दाढ मुळांपर्यंत उभी चिरली होती, त्यामुळे दोन्ही वाटा बंद होत्या.

औषध सोडण्याचा विचार तर जास्तच घातक. अॅलेन्ड्रोनेट थोडे दिवस थांबवल्याने हाडात मुरलेला साठा जात नाही. दात काढण्याआधी ते थांबवावं की नाही यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. डेनोसुमॅबचं उलटं आहे. ते हाडात साठत नाही. सहा महिन्यांनंतर असर उतरतो आणि दबलेल्या पेशी एकदम उसळतात. पुढचं इंजेक्शन लांबलं तर मणक्याची हाडं एकापाठोपाठ एक दबल्याची प्रकरणं होतात. त्यामुळे इथे खरा प्रश्न तारखेचा असतो.

काकूंचं शेवटचं इंजेक्शन होऊन १५ आठवडे झाले होते. शेवटच्या डोसनंतर तीन ते चार महिन्यांनी औषधाचा जोर ओसरू लागतो, तेव्हा दाढ काढायची आणि सहा ते आठ आठवडे जखम भरू द्यायची, असा सल्ला दिला जातो. १५ आणि ८ मिळून २३. इंजेक्शन २६ व्या आठवड्यात. म्हणजे एकही डोस न चुकवता सगळं बसत होतं. चेहरा सुजला असता, ताप असता किंवा तोंड उघडत नसतं, तर तारखेची वाट बघायची नसते. काकूंनी रक्ताची सीटीएक्स चाचणीही विचारली; हाड किती वेगाने झिजतंय याचा अंदाज ती देते. तिच्यावरून हा धोका भरवशाने सांगता येत नाही, म्हणून ती केली नाही.

दंतवैद्यांना दिलेल्या चिठ्ठीत औषधांची नावं, मात्रा, एकूण वर्षं आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिली. हाडांच्या डॉक्टरांनाही कळवलं. दाढ काढण्याआधी दातांवरचं कीटण काढून हिरड्या साफ झाल्या. दाढ जोर लावून उपटली नाही. मुळं कापून वेगवेगळी काढली, हाडाच्या टोकदार कडा घासून गुळगुळीत केल्या आणि हिरडी ताण न देता टाक्यांनी जवळ आणली. टोकदार कड राहिली की ती हिरडीला आतून फाडते; पुष्कळ बिघाड तिथूनच सुरू होतो. पू असल्यामुळे प्रतिजैविक दिलं. पू नसताना प्रत्येकालाच ते द्यावं का, यावर मतभेद आहेत. दुसरीही एक दाढ हलत होती, पण ती त्याच दिवशी काढली नाही. पहिली जखम भरते का ते बघूनच पुढचं ठरवायचं होतं.

घरी पहिले २४ तास गुळण्या नाहीत, थुंकणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही. दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या दिवसातून दोनदा. ब्रश बाकीच्या दातांवर रोजच्यासारखाच. खालची अर्धी कवळी जखम बंद होईपर्यंत काढून ठेवायची. हे ऐकताना काकूंचा चेहरा सगळ्यात जास्त पडला.

तिसऱ्या दिवशी ठणका वाढला आणि त्यांनी घाबरून फोन केला. तो ‘ड्राय सॉकेट’ होता, म्हणजे खळग्यातली रक्ताची गुठळी निघून गेली होती. हा त्रास दोन ते चार दिवसांत सुरू होतो, खूप दुखतो आणि औषधाची पट्टी भरली की आठवडा-दहा दिवसांत बसतो. हाडाचा मृत्यू असा येत नाही. तो पुष्कळदा न दुखता येतो: जिभेला काहीतरी खरखरीत लागतं, आरशात पिवळट-पांढरं हाड दिसतं, हिरडीतून पू येत राहतो, शेजारचे दात हलतात, खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होते. यातलं काहीही दिसलं तर आठ आठवडे पुरे व्हायची वाट न बघता दाखवायचं.

तपासणी एका, चार आणि आठ आठवड्यांनी ठेवली होती. चौथ्या आठवड्यात हिरडी जवळजवळ मिटली होती, आठव्यात हाड कुठेच उघडं नव्हतं. इंजेक्शन ठरल्या तारखेला झालं. हलणारी दुसरी दाढ हिरड्यांच्या उपचारांनंतर बरीच घट्ट झाली, त्यामुळे ती काढण्याचा विषय तूर्त मागे पडला आहे. कवळी मात्र नव्याने बसवून घ्यावी लागली, कारण जुनी त्या जागी टोचत होती.