एडिनबर्गमधलं स्कॉटिश कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांचं स्मारक इतकं काळं का? ते धुऊन का काढत नाहीत?

काळेपणा कोळशाच्या काजळीचा आहे, आणि धुतलं तर दगडच खराब होईल म्हणून ते तसंच ठेवलंय. 1840 ते 1844 दरम्यान ते बिनी खाणीच्या वालुकाश्मात बांधलं. या दगडात मुळातच तेलकट अंश असल्याने काजळी त्याला घट्ट चिकटते. त्यात रेल्वे स्थानक अगदी शेजारी, म्हणजे वाफेच्या इंजिनांचा धूर आयताच! 1990च्या दशकात सफाईच्या चाचण्या झाल्या, पण नक्षीचा पृष्ठभाग झिजेल असं दिसल्याने फक्त दुरुस्ती केली. मधेमधे फिकट तुकडे दिसतात ते धुतलेले नव्हेत, त्याच खाणीतून नव्याने काढून बसवलेले. आतला स्कॉटचा पुतळा मात्र पांढऱ्या कॅरारा संगमरवराचा आहे, त्यामुळे भोवतालचा दगड आहे त्याहून जास्तच काळा भासतो.