'बर्स्ट'ला स्फोट म्हणावं का?

हडपसरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मोबाइलचे सिग्नल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्या पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितायत. त्यात जीएसएमच्या (मोबाइलच्या 2G पद्धतीच्या) पानावर 'टाइमस्लॉट' आणि त्याखाली 'बर्स्ट डेटा' असं येतं. त्यांनी 'कालखंड' आणि 'स्फोट' लिहून पाहिलं, पण पटेना.

ताई, पटू नयेच. कालखंड म्हटलं की पेशवाई आठवते. इथला एक टाइमस्लॉट जेमतेम ५७७ मायक्रोसेकंदांचा. आणि स्फोटात काहीतरी फुटतं, इथे काहीच फुटत नाही.

टाइमस्लॉटसाठी 'पाळी' हा शब्द आपल्याकडे तयारच आहे. तुमच्या हडपसरवरून मुठा उजवा कालवा पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. कालवा एक, शेतकरी अनेक. म्हणून आवर्तन सुटलं की पाणी पाळीपाळीने मिळतं. पाटबंधाऱ्यातली 'शेजपाळी' ती हीच. जीएसएममध्ये एकच वाहक लहर आठ पाळ्यांत अशीच वाटलेली असते. आठ पाळ्यांची मिळून एक फ्रेम, ४.६१५ मिलिसेकंदांची. तिला खुशाल 'आवर्तन' म्हणा. केरवा तालाचंही आवर्तन आठ मात्रांचंच असतं. 'पाळी'च्या दुसऱ्या अर्थामुळे वर्गात संकोच वाटेल अशी शंका येईल, पण 'रात्रपाळी' म्हणताना आपण कुठे अडखळतो?

बर्स्ट म्हणजे मात्र पाळी नव्हे, आणि टिपणात सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. पाळी ही मिळालेली वेळ, बर्स्ट हे त्या वेळात सोडलेलं पाणी, म्हणजे प्रत्यक्ष पाठवलेला सिग्नल. पाळी १५६.२५ बिटांची असते, नॉर्मल बर्स्ट १४८ बिटांचा. उरलेले ८.२५ बिट मोकळे, दोन वावरांमधल्या बांधासारखे. ॲक्सेस बर्स्ट तर ८८ बिटांतच आटोपतो. फोन पहिल्यांदा हाक देतो तेव्हा तो किती लांब आहे हे टॉवरला ठाऊक नसतं, म्हणून बांध रुंद ठेवलेला असतो. पाळी आणि बर्स्ट या दोन्हींना एकच मराठी शब्द दिलात तर हा बांधच पुसला जाईल.

बर्स्टला मला 'सर' आवडतो. पावसाची सर येते, कोसळते, थांबते, मग उघडीप. 'झोत' सलग वाहतो, 'फैर' बंदुकीची. तरी 'सर' समजावून सांगतानाच वापरा. मुलांना पडद्यावर 'नॉर्मल', 'सिंक', 'डमी' हेच पर्याय शोधायचे आहेत, तेव्हा कृती लिहिताना 'बर्स्ट'च राहू द्या: "पाळी क्रमांक ३ चालू करा, तिच्यासाठी नॉर्मल बर्स्ट निवडा, डेटात पीएन९ भरा." (पीएन९ म्हणजे चाचणीसाठीची ठरलेली, पण विस्कळीत दिसणारी बिटांची माळ.)

'तिसरी पाळी' असं मात्र लिहू नका. मोजणी ० ते ७ अशी असते, त्यामुळे क्रमांक ३ ची पाळी ओळीने चौथी येते. 'तिसरी' वाचून मुलं शेजारच्या पाळीत डेटा भरतील आणि आपल्या पाळीत सिग्नल का नाही, हे शोधत बसतील.